एक सदरा आणि एक पत्र

महाविद्यालयाचे नवे वर्ष सुरू झाले म्हणजे विद्यार्थ्यांच्या स्वागताचा समारंभ होतो, आणि त्या समारंभात अध्यक्षस्थानावरून जे भाषण होते त्यातील काही गोष्टी ठरलेल्या असतात. गोपाळ गणेश आगरकरांपाशी एकच सदरा होता. तो रात्री धुऊन वाळत घालावा आणि सकाळी तोच अंगात घालून वर्गात जावे, असा त्यांचा क्रम होता. धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास पायी गेले. आनंदीबाई जोशी वयाच्या अठराव्या वर्षी एकट्या अमेरिकेस गेल्या. या गोष्टी सांगून झाल्या की वक्ता क्षणभर थांबतो, समोर बसलेल्या मुलांकडे पाहतो आणि तात्पर्य सांगतो की, त्यांनी एवढे सोसले, मग तुम्हांस काय कमी आहे? हे भाषण आम्ही अनेकदा ऐकले आहे, आणि इतक्या वर्षांच्या अध्यापनात स्वतःही पुष्कळदा केले आहे.

ते भाषण आता आमच्याने होत नाही. त्याचे कारण सांगण्यासारखे आहे, जरी ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. दहा-बारा वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या सत्रात, पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी तास संपल्यावर आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. दुष्काळी तालुक्यातला मुलगा. घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच. आत बोलावल्यावर म्हणाला, "सर, इथं मन लागत नाही. वर्गात सगळे हसतात तेव्हा का हसतात ते कळत नाही. रात्री झोप येत नाही." आम्ही त्यास बसवून घेतले आणि आगरकरांच्या सदऱ्याची गोष्ट सांगितली. ती सांगण्याची आम्हांस हातोटी आहे. त्या दिवशीही ती चांगली रंगली. मुलाने सारे ऐकून घेतले, "होय सर" म्हटले, आणि तो निघून गेला. दिवाळीच्या सुटीनंतर तो परत आलाच नाही. पुढे त्याचा मामा दाखला नेण्यास आला. अर्जावर कारणापुढे दोनच शब्द लिहिलेले होते, 'घरगुती अडचण'.

आमचा विषय इतिहास. कोणतेही साधन अर्धवट वाचून निष्कर्ष काढू नये, हे आम्ही दरवर्षी पहिल्या तासास मुलांस शिकवतो. त्या अर्जावर सही केल्यानंतर आमच्या मनात आले की, ज्या चरित्रांच्या बळावर आपण उपदेश करतो ती तरी आपण पुरी वाचली आहेत काय? म्हणून ती पुन्हा काढून वाचली. वाचताना आमचे लक्ष एकाच प्रश्नाकडे होते. या मंडळींनी काय सोसले हे तर सर्वश्रुत आहे. परंतु ते सोसता यावे असे त्यांच्यापाशी काय होते? प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फलित होय.

प्रथम तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे ही त्यांची नावे. तत्पूर्वी आपल्याकडे विद्या नव्हती असे नाही. परंतु पाठशाळेतला विद्यार्थी गुरूच्या घरचा किंवा गावच्या माधुकरीवरचा असे. तो काय शिकतो हे त्याच्या आईबापांस ठाऊक असे, आणि शिकून झाल्यावर तो त्यांच्याच जगात परत येई. कॉलेजचे तसे नव्हते. कोकणातून अथवा कृष्णाकाठाहून आलेला मुलगा इंग्रजीतून व्याख्याने ऐकू लागे, आणि जे ऐके त्यातले घरी जाऊन आईस सांगण्याजोगे फारच थोडे असे. पुण्याचे डेक्कन कॉलेज १८६८ साली गावाबाहेर येरवड्याकडे नव्या इमारतीत गेले. तेथील वसतिगृहात राहणाऱ्या मुलास शहरही दूर आणि घर तर त्याहून दूर. सुटीत घरी जावे तर सोवळ्या-ओवळ्याविषयी मनात शंका उठलेल्या, आणि कॉलेजात परत यावे तर खिशात फीचे पैसे नाहीत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्याची मनःस्थिती होई. ही व्यथा दारिद्र्याहून निराळी आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. दारिद्र्य या मुलांनी जन्मापासून पाहिलेले होते. एकटेपण नवे होते.

आता आगरकरांकडे येऊ. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी त्यांस जे वणवण फिरावे लागले ते आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. कऱ्हाडास थोडे शिक्षण, पोटासाठी कचेरीत उमेदवारी, शिकण्याच्या आशेने रत्नागिरीस जाणे आणि निराश होऊन परतणे, मग अकोल्यास नातलगांच्या आश्रयाने राहून १८७५ साली मॅट्रिक होणे, असा तो क्रम आहे. डेक्कन कॉलेजात शिष्यवृत्ती, बक्षिसे आणि लेखन यांवर त्यांनी दिवस काढले. सदऱ्याची गोष्ट याच काळातली.

परंतु याच काळातली दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे त्यांनी आईस लिहिलेले पत्र. पदव्या घेतल्यावर मुलगा मोठ्या पगारावर चढेल ही आशा तिने धरू नये. आपण गरजेपुरते मिळवू आणि उरलेले आयुष्य लोकांच्या कामी लावू, असा त्याचा मथितार्थ आहे. हे पत्र पाठ्यपुस्तकांत निःस्वार्थ बुद्धीचा दाखला म्हणून येते, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र या खेपेस ते एका विद्यार्थ्याचे पत्र म्हणून वाचावेसे वाटले. ज्या घराने पोटास चिमटा घेऊन, नातलगांचे उपकार डोक्यावर घेऊन मुलास शिकविले, त्या घराची मुलाकडून काही अपेक्षा असणारच. ती अपेक्षा पुरी होणार नाही हे आईस सांगणे सोपे नव्हे. ओला सदरा अंगात घालण्यास जे धैर्य लागते त्याहून हे पत्र टाकण्यास अधिक लागले असेल, असे आम्हांस वाटते. सदऱ्याने फार तर अंगास थंडी बाजली असेल. हे न सांगितलेले ओझे मात्र वर्षानुवर्षे मनावर राहिले असते. आगरकरांनी ते राहू दिले नाही. त्यांनी ते लिहून आईपुढे ठेवले.

आज आमच्यापुढे जी मुले बसतात त्यांतील कित्येकांच्या मनावर नेमके हेच ओझे असते. बापाने जमीन गहाण टाकून किंवा कर्ज काढून फी भरलेली असते. मुलास तो विषय झेपत नसतो किंवा आवडत नसतो. आणि हे घरी कसे सांगावे या चिंतेत दोन-दोन वर्षे निघून जातात. अशा मुलास आम्ही आगरकरांचा सदरा दाखवितो. त्याच्या उपयोगी पडले असते ते आगरकरांचे पत्र.

टिळकांचे उदाहरण घेऊ. त्यांची आई १८६६ साली वारली, वडील १८७२ साली. त्याच वर्षी ते मॅट्रिक झाले. म्हणजे डेक्कन कॉलेजात पाऊल टाकणारा हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आईबापांवाचून पोरका होता. पहिले वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा तालमीकडे आणि पोहण्याकडे घालविले आणि परीक्षेत ते मागे पडले. हे वर्ष पुढे त्यांच्या चरित्रकारांनी शरीरसंपदेचा पाया म्हणून गौरविले. परंतु तेव्हा, ज्या वेळी पुढचे काहीच ठाऊक नव्हते, त्या वेळी ते एक वाया गेलेले वर्षच दिसले असेल. त्या वर्षामुळे कोणी त्यांस निकामी ठरविले नाही, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. एका वर्षाच्या अपयशास एका वर्षाइतकीच किंमत दिली गेली.

पुढे १८७९ च्या सुमारास टिळक एलएल. बी.च्या आणि आगरकर एम. ए.च्या अभ्यासासाठी कॉलेजात असता दोघांचा स्नेह जमला. पुढील आयुष्यात काय करावे याविषयी त्यांचे वाद तासन्‌तास चालत. वसतिगृहाच्या खोलीत सुरू झालेले बोलणे फिरायला गेल्यावरही संपत नसे. त्या बोलण्यातूनच १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या साह्याने न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांस डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या दिवसांवर आगरकरांनी जे पुस्तक लिहिले ते वाचताना वाटते की, कॉलेजातला तोच वाद आता कोठडीत चालू आहे. दोघांचे स्वभाव भिन्न होते, मतेही भिन्न होत गेली, आणि शेवटी वृत्तपत्रांतून ते परस्परांवर कठोर शब्दांत तुटून पडले, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. परंतु ऐन तारुण्यात मनातील प्रत्येक शंका ज्याच्यापुढे मांडता येते असा एक जिवाचा सोबती दोघांसही लाभला होता. १८९५ साली आगरकर वारले तेव्हा केसरीतील मृत्युलेख सांगताना टिळकांस अश्रू आवरेनात, अशी आठवण सांगितली जाते. पुढच्या साऱ्या वैरास तो कॉलेजातला स्नेह पुरून उरला होता, याचीच ती खूण.

आनंदीबाईंची कथा याहून कठीण. १८६५ सालचा त्यांचा जन्म. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. १८८३ च्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील थंडी, शाकाहारावर काढलेले दिवस, धुराने भरणारी खोली आणि वारंवार येणारे आजारपण यांची वर्णने चरित्रांतून आली आहेत. या सर्वांच्या जोडीस आणखी एक त्रास होता. पती गोपाळराव दूर हिंदुस्थानात होते, आणि त्यांची पत्रे सदैव धीर देणारी असत असे नाही; संशयाची आणि दोषारोपाची पत्रेही येत. ज्यांनी शिकविले त्यांचेच बोल असे लागावेत, आणि तेही एवढ्या अंतरावरून, याहून मनास अधिक काय सलणार?

आनंदीबाईंनी दोन गोष्टी केल्या. पहिली ही की, त्यांनी गोपाळरावांस उत्तरे लिहिली. लहानपणी शिकविताना झालेल्या मारहाणीची आठवणही त्यांनी पत्नीची मर्यादा न सोडता, परंतु स्पष्ट शब्दांत त्यांस दिली. त्या काळच्या स्त्रीने असे लिहावे ही सामान्य गोष्ट नव्हे. दुसरी ही की, त्यांनी परक्या देशात एक घर जोडले. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या कार्पेंटर बाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता एका मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले, आणि तेवढ्यावरून पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत. आगबोटीतून उतरल्यावर त्या प्रथम याच घरी राहिल्या. पुढे सुटीत जायला हे घर होते, आणि मन उघडे करायला ही मावशी होती. महाविद्यालयाच्या प्रमुख रॅचेल बॉडली बाईंचेही त्यांच्याकडे ममतेचे लक्ष असे. १८८६ च्या ११ मार्च रोजी आनंदीबाई पदवीधर झाल्या तेव्हा समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. 'एकट्या अमेरिकेस गेल्या' असे आम्ही भाषणात म्हणत आलो. त्या एकट्या गेल्या हे खरे, परंतु तेथे त्या एकट्या राहिल्या असत्या तर निभाव लागला नसता, हेही तितकेच खरे.

आणखी एक चरित्र या प्रश्नावर प्रकाश पाडते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भीमराव आंबेडकर शिकत असता फी आणि पुस्तके यांची विवंचना बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीने काही अंशी दूर केली. परंतु कॉलेजच्या उपाहारगृहाचा चालक त्यांस चहा किंवा पाणी देत नसे. हे दुःख त्यांच्या बरोबरीच्या गरीब सवर्ण मुलांस नव्हते. म्हणूनच 'सर्वांनीच सोसले' असे सरसकट म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास आहे. वर्ग एक असला तरी त्यात बसणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावरचा भार सारखा नसतो. त्याच कॉलेजात प्रा. म्युलर हे त्यांस पुस्तके वाचावयास देत आणि कपड्यांचीही मदत करीत. एकाच इमारतीत पाणी नाकारणारा एक आणि पुस्तक देणारा एक अशी दोन माणसे होती. त्या तरुणाच्या आयुष्यात दुसऱ्याचे असणे किती मोलाचे ठरले असेल, याचा विचार आम्हां अध्यापकांनी करावा.

१९१३ च्या फेब्रुवारीत त्यांचे वडील वारले, आणि जुलैत, पत्नी व तान्हा मुलगा यांस मागे ठेवून, ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची गाठ पडली. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले; १९२० साली पुन्हा लंडनला जाता आले, त्यात शाहू महाराजांचे साह्य होते आणि याच भथेनांनी दिलेले कर्ज होते. लंडनमध्ये रात्री भूक लागली म्हणजे ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून खावे आणि पुन्हा वाचावयास बसावे, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पापडांची गोष्ट सर्वांस माहीत असते. ते पापड कोणीतरी दिलेले होते, आणि भथेना नावाचा मित्र मुंबईहून पैसे पाठवीत होता, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

येथवर जे सांगितले त्यावरून निष्कर्ष उघड आहे. कष्ट आपोआप माणसास घडवितात ही समजूत या चरित्रांतून सिद्ध होत नाही. कष्टांच्या काळात यांतील प्रत्येकापाशी मनातले बोलण्यास निदान एक ठिकाण होते; कोणास आई, कोणास मित्र, कोणास मावशी, कोणास गुरू. आणि एवढे असूनही त्या कष्टांनी आपली किंमत वसूल केलीच. आगरकर दम्याने झिजून ३८ व्या वर्षी गेले. आनंदीबाई पदवी घेऊन १८८६ च्या अखेरीस परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील जागा त्यांची वाट पाहत राहिली. त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठविण्यात आली, आणि ती त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. या मृत्यूंकडे पाहिल्यावर 'त्यांनी सोसले म्हणून तुम्हीही सोसा' असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. शिवाय ज्यांची चरित्रे लिहिली गेली ते पैलतीरास पोहोचलेले लोक होत. त्याच वर्गांतून, त्याच वसतिगृहांतून किती मुले मन मोडून निमूटपणे गावी परतली असतील, त्यांची चरित्रे कोणी लिहिलेली नाहीत. त्यांच्या अर्जावरही 'घरगुती अडचण' एवढेच लिहिले गेले असेल.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचे नाव सर्वांत वर होते. २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयास या विषयासाठी स्वतंत्र कृतिदल नेमावे लागले. महाविद्यालयांत समुपदेशक असलाच पाहिजे, आणि जेथे मनाचा आजार असेल तेथे वैद्यच पाहिजे; तेथे अध्यापकाच्या गोष्टी उपयोगी नाहीत, हे आम्ही निःसंकोचपणे सांगतो. परंतु मूल प्रथम जाते ते ओळखीच्या माणसाकडे. ते ज्या दाराशी उभे राहते त्या दारातला मनुष्य काय बोलतो यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. त्या माणसाने प्रथम आपली गोष्ट आवरावी आणि मुलाची ऐकावी.

तशीच विनंती आम्ही वाचकांच्या कुटुंबांसही करतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी आज परगावी किंवा परदेशी शिकत असेल. त्याच्याशी रोज बोलणे होत असेल, कारण आता त्यास पत्राची वाट पाहावी लागत नाही. पण ते बोलणे बहुधा गुण, हजेरी, खर्च आणि जेवण यांवरच संपते. आगरकरांनी आईस जे लिहिले तसे काही आपल्या मुलास सांगावयाचे असेल, तर ते सांगण्यास त्या बोलण्यात जागा आहे काय? 'हा विषय मला जमत नाही', 'मला परत यावेसे वाटते', 'तुमच्या पैशांचे मला ओझे वाटते', ही वाक्ये ऐकून घेण्याची आपली तयारी आहे काय? ती तयारी मुलास आधीच दिसली पाहिजे. संकट आल्यावर दाखविलेली तयारी पुष्कळदा उशिराची ठरते.

आमचा तो विद्यार्थी पुढे काय करतो हे आम्हांस कळले नाही. तो सुखात असावा अशी इच्छा आहे. यंदाच्या स्वागतसमारंभात बोलण्याचे काम पुन्हा आमच्याकडे आले तेव्हा आम्ही आगरकरांचा सदरा सांगितला, आणि त्यानंतर त्यांचे पत्र सांगितले. भाषणास टाळ्या बेताच्याच पडल्या. मात्र दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर एक मुलगी खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. आम्ही तिला बसावयास सांगितले, आणि या खेपेस कोणाचेही चरित्र काढले नाही.